आधी उत्तर, मग प्रश्न : सीमा आणि अवकलज शिकण्यातील अडचणींचा आढावा

अकरावी विज्ञानच्या कोणत्याही बऱ्यापैकी विद्यार्थ्याला 'क्ष² चा डेरिव्हेटिव्ह काय?' असे विचारले, तर प्रश्न संपायच्या आत '२क्ष' हे उत्तर येते. त्यालाच पुढे विचारावे, की क्ष ३ असताना या २क्षची किंमत ६ येते, तर हे सहा कशाचे? इथे बहुतेक जण अडतात. कोणी 'स्लोप' म्हणतो; कशाचा स्लोप, असे विचारले की 'ग्राफचा' म्हणतो; ग्राफ तर वाकडा आहे, त्याला एकच चढ कसा, असे विचारले की बोलणे थांबते. सूत्र येते, गणित सुटते, गुणही मिळतात, पण काय काढले हे सांगता येत नाही.

ही अवस्था एकट्या महाराष्ट्रातली नाही. इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका, पोलंड अशा अनेक देशांतल्या गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकापासून हाच प्रश्न उकरून पाहिला आहे. कलनाच्या (कॅल्क्युलसच्या) पहिल्या पायरीवर, म्हणजे सीमा (लिमिट) आणि अवकलज (डेरिव्हेटिव्ह) या दोन कल्पनांपाशी, विद्यार्थी नेमके कशाला अडखळतात आणि त्यावर काय उपाय करून पाहिले गेले, याचा हा आढावा. सीमेची व्याख्या कठीण आहे यावर सगळ्यांचे एकमत आहे. पण या सगळ्या कामातून जे चित्र दिसते, त्यात दोष एकट्या व्याख्येचा नाही. सीमा हे एका फार जुन्या आणि खऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपण वर्गात ते उत्तर आधी देतो आणि प्रश्न नंतर. पुष्कळदा तर प्रश्न द्यायचाच राहून जातो.

पुस्तकाचा क्रम आणि इतिहासाचा क्रम

बालभारतीच्या अकरावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात शेवटची चार प्रकरणे एका रांगेत येतात : फलन, सीमा, सातत्य, अवकलन. तर्काच्या दृष्टीने हा क्रम निर्दोष आहे. फलनाशिवाय सीमा सांगता येत नाही आणि सीमेशिवाय अवकलजाची व्याख्या करता येत नाही. इतिहास मात्र याच्या उलट दिशेने चालला.

सतराव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात पिएर द फर्मा महत्तम आणि लघुतम किमती काढत होता. त्याच्याकडे अवकलजाची व्याख्या नव्हती. न्यूटनने १६६५-६६ च्या सुमारास आणि लायब्निट्झने १६८४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या रीतीचे शास्त्र केले. १६९६ मध्ये लोपितालचे पहिले पाठ्यपुस्तकही निघाले. तरीही सीमेची काटेकोर व्याख्या कोणाजवळ नव्हती. ती बोल्झानोने १८१७ मध्ये आणि कोशीने १८२१ मध्ये आकाराला आणली. आज आपण जी एप्सिलॉन-डेल्टाची भाषा शिकवतो तिला पक्के रूप मिळाले ते वायरश्ट्रासच्या बर्लिनमधल्या व्याख्यानांतून. गणिताच्या इतिहासकार ज्युडिथ ग्रॅबिनर यांनी १९८३ मध्ये हा प्रवास नेमका मांडला : अवकलज आधी वापरला गेला, मग सापडला, मग वाढवला गेला आणि सर्वांत शेवटी त्याची व्याख्या झाली.

आपल्याकडेही प्रश्न व्याख्येच्या आधी होता. बाराव्या शतकात भास्कराचार्यांना चंद्राच्या गतीने अडवले. ग्रहाची दिवसाची गती म्हणजे दोन दिवसांच्या स्थानांमधला फरक. पण चंद्र इतका जलद आणि असमान चालतो, की तिथी संपण्याचा क्षण काढताना दिवसाची गती चालत नाही, त्या क्षणाची गती लागते. ११५० मध्ये रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त त्यांनी 'तात्कालिकी गती' सांगितली ती या गरजेतून. ज्येतला (साइनमधला) सूक्ष्म फरक कोटिज्येच्या (कॉसच्या) प्रमाणात असतो, हे नाते त्यांनी त्यासाठी वापरले. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची परंपरा कोरलेली आहे. आज जळगाव जिल्ह्यातला विद्यार्थी 'साइनचा डेरिव्हेटिव्ह कॉस' हे पाठ म्हणतो, तेव्हा हे नाते आपल्याच भागातल्या एका ज्योतिष्याला चंद्राची वेळ साधताना लागले होते, हे त्याला सहसा सांगितले जात नाही. भास्कराचार्यांजवळ सीमेचे शास्त्र होते असा दावा यातून करता येत नाही, आणि करण्याचे कारणही नाही. त्यांच्याजवळ प्रश्न होता. पुढे केरळात माधवाच्या परंपरेने अनंत श्रेणी हाताळल्या. सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने 'युक्तिभाषे'त त्यांच्या सिद्धता मल्याळममध्ये लिहिल्या. तिथेही गरज होती ती ज्या आणि परिघ अधिक अचूक काढण्याची.

एकोणिसाव्या शतकात कलनाचे शास्त्र इंग्रजी शिक्षणातून आपल्याकडे आले. बाळशास्त्री जांभेकरांच्या ग्रंथांत 'शून्यलब्धिगणित' हे मराठी पुस्तक आहे. दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांनी १८५० मध्ये कलकत्त्याला छापलेल्या ग्रंथात महत्तम-लघुतमाचे प्रश्न कलन न वापरता केवळ बीजगणिताने सोडवून दाखवले. डी मॉर्गनने १८५९ मध्ये तो ग्रंथ लंडनला पुन्हा काढवला. भारतीय विद्यार्थ्याला बीजगणित जवळचे, तेव्हा त्याच वाटेने त्याला या प्रश्नांपर्यंत न्यावे, हा त्यामागचा विचार. उपकरणाआधी प्रश्न ओळखीचा करण्याचा हा आपल्याकडचा एक जुना प्रयोग म्हणता येईल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. इतिहासाचा क्रम तोच शिकण्याचा क्रम असला पाहिजे, असे कोणी सांगितले? रोमन अंक आधी आले म्हणून ते आधी शिकवत नाहीत. पण इथे मुद्दा तारखांचा नाही. व्याख्या ज्या शंकेला उत्तर म्हणून आली, ती शंका विद्यार्थ्याला आजही पडते.

बर्कलीची शंका

ती शंका एका ओळीच्या गणितात दिसते. क्ष² या फलनाचा ३ पाशी अवकलज काढायचा आहे. क्षमध्ये ह एवढी वाढ केली, तर (३+ह)² मधून ९ वजा जाता ६ह+ह² उरते. त्याला ह ने भागले की ६+ह. आता ह शून्य धरला की उत्तर ६.

१७३४ मध्ये बिशप जॉर्ज बर्कलीने न्यूटनच्या अनुयायांना विचारले ते हेच : भागताना तुम्ही ह शून्य नाही असे धरले, नाहीतर भागताच आले नसते. भागून झाल्यावर तोच ह शून्य धरला. एका सिद्धतेत दोन परस्परविरुद्ध गृहीतके कशी चालतील? हा प्रश्न खोडसाळ असला तरी चुकीचा नव्हता. दालांबेरने फ्रेंच विश्वकोशातल्या लेखात सीमेकडे बोट दाखवून, लाग्रांजने १७९७ मध्ये घात-श्रेणींचा आधार घेऊन, असे बऱ्याच जणांनी उत्तर द्यायचे प्रयत्न केले. कोशी आणि वायरश्ट्रास यांचे उत्तर टिकले, कारण त्यांनी ह ला शून्य करणेच सोडून दिले. त्यांचा दावा एवढाच, की ह पुरेसा लहान घेतला तर ६+ह आणि ६ यांतला फरक तुम्ही म्हणाल त्यापेक्षा कमी ठेवता येतो.

वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात बर्कलीचीच शंका काढतो. त्याला बहुधा 'एच टेंड्स टू झीरो आहे, झीरो नाही' असे सांगून गप्प केले जाते. ते उत्तर बरोबर आहे. पण शंका किती खोल होती हे त्यातून कळत नाही, आणि पुढे येणारी एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या ह्याच शंकेचे निरसन आहे हेही नाही. मग व्याख्या आकाशातून पडल्यासारखी वाटते.

सीमेची मनातली चित्रे

१९८१ मध्ये डेव्हिड टॉल आणि श्लोमो विनर यांनी या क्षेत्रातला बहुधा सर्वांत जास्त आधार घेतला गेलेला निबंध लिहिला. विद्यार्थ्याजवळ एखाद्या संकल्पनेची व्याख्या असते ती वेगळी, आणि तिच्याविषयी मनात साठलेली चित्रे, उदाहरणे, सवयी असतात त्या वेगळ्या, ही त्यांची मांडणी. गणित सोडवताना विद्यार्थी व्याख्येकडे जात नाही, तो चित्राकडे जातो. व्याख्या पाठ असूनही चुका होतात त्या यामुळे.

सीमेच्या बाबतीत ही चित्रे कोणती, हे अनेक देशांत तपासले गेले आणि ती सगळीकडे सारखीच निघाली. सीमा म्हणजे जिच्या जवळ जाता येते पण जिला कधी गाठता येत नाही अशी भिंत. सीमा म्हणजे जिच्या पलीकडे जाता येत नाही अशी मर्यादा. सीमा म्हणजे अंदाजे उत्तर. सीमा म्हणजे फलनात त्या बिंदूची किंमत घालून येणारी संख्या. फ्रान्समध्ये बर्नार कोर्न्यू आणि पोलंडमध्ये आन्ना सिएर्पिन्स्का यांनी दाखवले, की यांतली काही चित्रे केवळ विद्यार्थ्यांचे अज्ञान नाहीत. गणिताच्या इतिहासातही मोठमोठ्या माणसांना हेच अडथळे आले होते.

०.९९९… आणि १ हे समान आहेत का, हा त्याचा नेहमीचा दाखला. टॉल आणि श्वार्झेनबर्गर यांनी १९७८ मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे विचारले. 'किंचित कमी' म्हणणारे पुष्कळ निघाले. त्याच विद्यार्थ्यांपुढे ०.३३३… बरोबर एक तृतीयांश ठेवले की सहसा कुरकुर होत नाही. दोन्ही बाजूंना ३ ने गुणले की काय होते, हे मात्र त्यांनी कधी एकत्र आणून पाहिलेले नसते. मनातली दोन चित्रे शेजारी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत.

ही चित्रे पुसणे किती कठीण आहे, हे स्टीव्हन विल्यम्स यांनी १९९१ मध्ये तपासले. विद्यार्थ्यांना त्यांच्या कल्पनेविरुद्ध जाणारी उदाहरणे मुद्दाम दाखवली. विद्यार्थ्यांनी ती मान्य केली, अपवाद म्हणून बाजूला ठेवली आणि जुने चित्र तसेच सांभाळले. याचे कारण आळस म्हणता येणार नाही. त्यांच्या पाठ्यपुस्तकातली जवळजवळ सगळी गणिते जुन्या चित्राने सुटत होती.

इथे आपल्या स्वाध्यायांकडे पाहिले पाहिजे. (क्ष² − ९)/(क्ष − ३) याची ३ पाशी सीमा काढा. अवयव पाडा, क्ष − ३ कापा, ३ घाला, उत्तर ६. पुढचे गणित वर्गमूळाचे, त्यात अंश-छेदाला संयुग्मी राशीने गुणा, कापा, किंमत घाला. अशी गणिते एकामागून एक केल्यावर विद्यार्थी शिकतो ते हे, की सीमा म्हणजे आधी कापणे आणि मग किंमत घालणे. व्याख्येत क्ष कधीच ३ होत नाही, स्वाध्यायात तो शेवटच्या ओळीत नेहमी ३ होतो. शिक्षक व्याख्येतून एक गोष्ट सांगतात, स्वाध्याय दुसरी. आणि परीक्षा स्वाध्यायावर असते.

एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या विशेष अडते याचे आणखी एक कारण आहे, आणि ते मोलाचे आहे. सीमा काढताना विचार क्षकडून फलनाकडे जातो : क्ष ३ कडे नेला, फलन कुठे जाते ते पाहिले. व्याख्येत दिशा उलटते. आधी फलनाच्या बाजूला किती चूक चालेल ते ठरवायचे आणि मग क्षला कितीच्या आत ठेवायचे ते शोधायचे. क्रेग स्विन्यार्ड यांनी २०११ मध्ये दोन विद्यार्थ्यांकडून ही व्याख्या नव्याने शोधवून घेतली, तेव्हा ही दिशा उलटवणे हाच खरा वळणाचा टप्पा ठरला. लेथवर काम करणाऱ्या टर्नरला ही दिशा ओळखीची असते : आधी ड्रॉइंगवरची टॉलरन्स, मग त्यासाठी मशीन किती नेमके लावायचे ते. कितीही कडक टॉलरन्स मागितली तरी तसे सेटिंग सापडेल, एवढेच व्याख्या म्हणते. मायकेल ओहर्टमन यांनी चूक, चुकीची मर्यादा आणि हवी तितकी अचूकता या भाषेत कलन शिकवण्याचा आग्रह धरला तो याच वाटेने. विद्यार्थ्यांच्या 'अंदाजे उत्तर' या चित्राला नाकारण्याऐवजी ते त्याला धार लावतात.

अवकलजाचे थर

अवकलजाच्या बाबतीत ए. ऑर्टन यांनी इंग्लंडमध्ये ११० विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. निष्कर्ष १९८३ मध्ये आले. सूत्राने अवकलज काढण्यात विद्यार्थी बऱ्यापैकी होते. बदलाचा दर, छेदिका फिरत फिरत स्पर्शिका होणे आणि या साऱ्यामागची सीमा इथे ते ढेपाळले. बऱ्याच जणांच्या दृष्टीने छेदिका शेवटी 'नाहीशी' होत होती, कारण दोन बिंदू एकमेकांवर आले की जीवा उरत नाही.

मिशेल झांडिए यांनी २००० मध्ये या समजेचे थर वेगळे करून दाखवले. पहिला थर गुणोत्तराचा : इतक्या वेळात इतके अंतर, म्हणजे सरासरी दर. दुसरा सीमेचा : कालखंड आक्रसत नेला की ते गुणोत्तर कुठे स्थिरावते. तिसरा फलनाचा : प्रत्येक बिंदूपाशी असा दर आहे, म्हणून दरांचे स्वतःचे एक फलन तयार होते. हे तीनही थर आलेखात, वेगात, शब्दांत आणि चिन्हांत वेगवेगळे दिसतात. विद्यार्थी एका रूपात तिसऱ्या थरावर असतो आणि दुसऱ्या रूपात पहिल्यावरच. २क्ष हे उत्तर चिन्हांच्या रूपातला तिसरा थर आहे. 'सहा कशाचे' हा प्रश्न पहिल्या दोन थरांतला आहे, म्हणून तो अडतो.

स्पर्शिकेचे चित्रही आडवे येते. दहावीपर्यंत स्पर्शिका म्हणजे वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करणारी रेषा. क्ष³ च्या आलेखाला शून्यापाशी जी स्पर्शिका आहे ती आलेखाला ओलांडून जाते. सरळ रेषेची स्पर्शिका तर ती रेषा स्वतःच. जुने चित्र घेऊन आलेला विद्यार्थी यांना स्पर्शिका मानायलाच तयार नसतो. दहावीच्या भूमितीत 'रेषेचा चढ' तो शिकून आलेला असतो, पण त्या चढाची आणि डेरिव्हेटिव्हची गाठ घालून देणारा धडा वाटेत सहसा नीट येत नाही.

सर्वांत खणखणीत पुरावा सेल्डन दांपत्य आणि ॲलिस मेसन यांचा आहे. १९८९ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कलन सर्वसाधारण श्रेणीने पार केलेल्या १७ विद्यार्थ्यांना पाच प्रश्न दिले. प्रश्नांना लागणारे ज्ञान पहिल्या वर्षाच्या पलीकडचे नव्हते, फक्त प्रश्न ओळखीच्या साच्यातले नव्हते. त्यातला एक असा : २क्ष + ३य = अ ही रेषा य = बक्ष² या वक्राला क्ष = ३ पाशी स्पर्श करते, तर अ आणि ब काढा. रेषेचा चढ −२/३, वक्राचा चढ ६ब, म्हणून ब = −१/९; बिंदू (३, −१), म्हणून अ = ३. चार ओळींचे गणित. त्या १७ जणांपैकी एकालाही पाचांतला एकही प्रश्न पूर्ण सोडवता आला नाही. १९९४ मध्ये हेच वरच्या श्रेणीच्या १९ विद्यार्थ्यांवर करून पाहिले. दोन तृतीयांश विद्यार्थ्यांना एकही प्रश्न पूर्ण सुटला नाही. त्यांना लागणारी तंत्रे येत होती, हे वेगळ्या चाचणीत दिसले होते. कोणते तंत्र केव्हा काढायचे, हे येत नव्हते.

पायाखालचा पाया

सीमेचा एवढा गवगवा होतो, की तिच्या खालची जमीन पाहायची राहते. वर्गात चुकलेल्या उत्तरांची कारणे शोधली, तर बरीचशी (क्ष+ह)² उलगडताना, अपूर्णांकांचे छेद समान करताना किंवा फ(क्ष+ह) लिहिताना झालेली निघतात. फ(क्ष+ह) म्हणजे फ(क्ष) अधिक ह, असे मानणारा विद्यार्थी सीमेपर्यंत पोहोचतच नाही.

त्याखाली आणखी एक थर आहे. दोन राशी एकाच वेळी बदलत आहेत आणि एक बदलताना दुसरी कशी बदलते, हे मनात धरणे. मर्लिन कार्लसन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक साधा प्रश्न वापरला : बुडाशी गोल आणि वर निमुळती मान असलेल्या बाटलीत पाणी ओतत आहोत, पाण्याच्या आकारमानानुसार उंचीचा आलेख काढा. यात अवकलज नाही, सूत्र नाही. तरी कलन चांगल्या गुणांनी पार केलेले विद्यार्थीही इथे अडखळले. उंची वाढते हे दिसते, ती कुठे झपाट्याने आणि कुठे सावकाश वाढते हे दिसत नाही. ज्याला दराचा आलेख डोळ्यांपुढे येत नाही, त्याच्यासाठी अवकलज हे अक्षरांवरचे एक कर्मकांड राहते.

अकरावीत फलन ही संकल्पना पहिल्यांदा रीतसर येते आणि लगेच पुढच्या प्रकरणात तिच्यावर सीमा बसते. पाया ओला असताना मजला चढतो.

चार वाटा

यावर सुचवलेले उपाय ढोबळपणे चार प्रकारचे आहेत.

पहिली वाट अतिसूक्ष्म राशींची. लायब्निट्झची भाषा अशास्त्रीय ठरवून बाजूला सारली गेली होती. अब्राहम रॉबिन्सन यांनी १९६० च्या दशकात तिला तर्काचा भक्कम आधार दिला. जेरोम किस्लर यांनी १९७६ मध्ये या पद्धतीचे पाठ्यपुस्तक काढले. त्याच वर्षी कॅथलीन सलिव्हन यांनी दोन्ही पद्धतींच्या वर्गांची तुलना प्रसिद्ध केली, तीत नव्या पद्धतीचे विद्यार्थी कुठे मागे पडले नाहीत. तरीही ही वाट रुळली नाही. पुढची सगळी पुस्तके, सगळ्या परीक्षा आणि सगळे शिक्षक दुसऱ्या भाषेचे. शिवाय तिचा आधार जिथे आहे ते तर्कशास्त्र पहिल्या वर्षाला सांगता येत नाही, म्हणजे विश्वास ठेवायचे ठिकाण फक्त बदलते.

दुसरी वाट डेव्हिड टॉल यांची. आलेखाचा एक लहान तुकडा मोठा मोठा करत जा. चांगल्या फलनाचा आलेख शेवटी सरळ दिसू लागतो. त्या सरळ तुकड्याचा चढ म्हणजे अवकलज. |क्ष| चा आलेख शून्यापाशी कितीही मोठा केला तरी कोपरा कोपराच राहतो, म्हणून तिथे अवकलज नाही. वायरश्ट्रासने १८७२ मध्ये दिलेले फलन तर कुठेच सरळ होत नाही. सीमेचे नाव न काढता हे सगळे दाखवता येते, आणि आता जिओजेब्रासारख्या मोफत सॉफ्टवेअरने मोबाइलवरही. या वाटेचा धोका एवढाच, की पडद्यावर सरळ 'दिसले' म्हणजे सिद्ध झाले असे वाटू लागते.

तिसरी वाट चूक आणि अचूकतेची; तिचा उल्लेख वर आला आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात या वाटेची एक चांगली सुरुवात आहे. तिथे सीमेच्या आधी अवकलजाची अंतर्ज्ञानी ओळख येते. कड्यावरून सोडलेली वस्तू ट सेकंदांत ४.९ट² मीटर पडते. दुसऱ्या सेकंदाला तिचा वेग किती? दोन सेकंदांनंतरच्या ०.१ सेकंदात सरासरी वेग २०.०९ येतो, ०.०१ सेकंदात १९.६४९, ०.००१ सेकंदात १९.६०४९. आकडे १९.६ कडे सरकताना दिसतात आणि 'म्हणजे नेमके किती?' हा प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारतो. सीमेची गरज इथे जन्माला येते.

चौथी वाट क्रमच बदलण्याची. टॉम अपोस्टल यांच्या १९६१ च्या प्रसिद्ध ग्रंथात समाकलन आधी येते. ॲरिझोनात पॅट्रिक थॉम्प्सन यांनी दर आणि त्या दराने होणारा साठा या दोन्ही बाजू पहिल्यापासून एकत्र शिकवायला घेतल्या. ज्याला दरावरून साठा आणि साठ्यावरून दर असा दोन्हीकडे प्रवास करता येतो, त्याला अवकलज हे निव्वळ सूत्र वाटत नाही, हा त्यामागचा विश्वास.

या चारही वाटांत एक गोष्ट समान आहे. कोणीच सीमेची औपचारिक व्याख्या काढून टाका असे म्हणत नाही; ती पहिल्या तासाला नको, असे चौघेही म्हणतात.

वर्ग आणि परीक्षा

पुस्तक बदलून किती फरक पडतो, याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. १९८६ च्या ट्युलेन परिषदेनंतर तिथे कलन-सुधारणेची चळवळ उभी राहिली. कलन हा विद्यार्थी गाळणारा विषय न राहता त्यांना पुढे ढकलणारा व्हावा, ही तिची भूमिका. हार्वर्डच्या गटाने प्रत्येक कल्पना आलेख, आकडे आणि चिन्हे अशा तिन्ही अंगांनी मांडणारी पुस्तके काढली. त्यावर कडाक्याचे वाद झाले. सिद्धता आणि बीजगणिताचा सराव कमी झाला, अशी तक्रार अनेक गणितींनी केली. चळवळ ओसरली, पण आलेख आणि आकड्यांची गणिते नेहमीच्या पुस्तकांत शिरली.

पुस्तकापेक्षा वर्गातल्या कामाच्या पद्धतीचा पुरावा अधिक ठाम आहे. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान-गणिताच्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होते. विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या पद्धतीत ते २१.८ टक्के. २०२३ मध्ये फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठाने कलनाच्या ८११ विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन प्रकारच्या वर्गांत वाटून हाच प्रश्न तपासला. गटात बसून काम करणाऱ्यांची समज आणि उत्तीर्ण होण्याचे प्रमाण दोन्ही सरस निघाले.

आपल्याकडे मात्र दोर परीक्षेच्या हातात आहे. एमएचटी-सीईटीच्या गणितात ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत. या वेळात 'सहा कशाचे' हा विचार करणारा विद्यार्थी मागे पडतो. म्हणून क्लासमध्ये सीमेच्या प्रकरणातच लोपितालचा नियम शिकवून टाकतात : वरचा डेरिव्हेटिव्ह भागिले खालचा डेरिव्हेटिव्ह. साइन क्ष भागिले क्ष याची शून्यापाशी सीमा १, हे या नियमाने एका ओळीत येते. पण साइनचा अवकलज कॉस आहे हे सिद्ध करायला हीच सीमा लागते, म्हणजे उत्तर गृहीत धरून उत्तर काढले. ती सीमा १ येते ती कोन रेडियनमध्ये मोजला म्हणून. अंशांत मोजला तर ती π/१८० येते. कलनात रेडियनच का, याचे खरे कारण इथे आहे, आणि नियमाने गणित उरकले की ते कारण समोरच येत नाही. बोर्डाच्या परीक्षेतही सिद्धता विचारली जाते तेव्हा ती पाठांतरातूनच उतरते.

शिक्षकाला दोष देऊन इथे काही साधत नाही. भरगच्च वर्ग, ठरलेले तास, मराठी माध्यमातून येऊन एकदम इंग्रजीत पडलेले अर्धे विद्यार्थी आणि क्लासमध्ये आधीच सूत्रे पाठ झालेले उरलेले अर्धे, यांतून त्याला वाट काढायची असते.

इतक्या अभ्यासातून काय उरते

तीन गोष्टी बऱ्यापैकी पक्क्या आहेत. सूत्राने अवकलज काढता येणे आणि अवकलज समजणे या वेगळ्या क्षमता आहेत, आणि पहिलीतून दुसरी आपोआप येत नाही. सीमेबद्दलच्या चुकीच्या कल्पना नुसत्या व्याख्येने जात नाहीत, कारण स्वाध्याय त्यांनाच खतपाणी घालतात. आणि दोन राशी एकत्र बदलताना पाहण्याची सवय नसेल, तर वरचे सगळे पोकळ राहते. वाद उरतो तो कोणत्या वाटेने जावे याचा. त्यात एकच वाट सर्वांत सरस आहे असे ठरवण्याइतका पुरावा नाही.

पण वाट कोणतीही असो, क्रमातला एक बदल सर्वांत स्वस्त आहे. त्याला नवे पुस्तक लागत नाही की सॉफ्टवेअर. पडत्या वस्तूचा वेग आधी आकड्यांनी काढायला लावावा. ६+ह मध्ये ह शून्य कसा धरला, ही बर्कलीची शंका शिक्षकाने स्वतः फळ्यावर मांडावी आणि दोन-तीन तास ती तशीच उघडी ठेवावी. विद्यार्थी तिच्याशी झगडले, की मग सीमेची व्याख्या द्यावी. आणि प्रत्येक स्वाध्यायात निदान एक गणित असे असावे, ज्यात उत्तर काढायचे नसून आलेल्या उत्तराचा अर्थ त्याच्या एककासह एका वाक्यात लिहायचा आहे. बोर्डाने त्या वाक्याला दोन गुण ठेवले, तर क्लासही ते शिकवू लागतील. परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकवले जाते, ही तक्रार आपण नेहमी करतो; ती खरी असेल, तर सुधारणाही तिथूनच सुरू करता येईल.